धुतलेला ट्रेलर तिसऱ्या दिवशी पुन्हा काळा का पडतो?

रविवारी गाडी धुवायची आणि बुधवारी तिच्याकडे बघवत नाही, असं सलग तीन वेळा झालं तेव्हा मी हा विषय मनावर घेतला. माझी गाडी म्हणजे चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर. न्हावा शेवा बंदरातून माल उचलायचा, करळ फाट्यावरून पळस्प्याला यायचं, घाट चढून चाकण गाठायचं आणि बऱ्याचदा तिथून शिक्रापूर, अहिल्यानगर करत वाळूज. घोडा पांढऱ्या रंगाचा आहे (घोडा म्हणजे पुढचा इंजिन-केबिनचा भाग, आमच्या लाइनीत सगळे घोडाच म्हणतात). पांढऱ्यावर काही लपत नाही.

तक्रार अशी होती. वॉशिंग सेंटरवरून आणली की पहिल्या दिवशी चकाचक. दुसऱ्या दिवशी काचेवर आणि दारांवर पांढरे ठिपके. तिसऱ्या दिवशी त्या ठिपक्यांवर धूळ बसून सगळ्या केबिनला राखाडी कळा. चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि मडगार्ड तर धुण्याआधी होते त्याहून काळे. आणि तीनपैकी दोन वेळा ट्रेलरचे मागचे दिवे बंद.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, रस्ताच तसा आहे. घाटात धूर, नगर रोडला धूळ, काय करणार? मीही तेच धरून बसलो असतो. पण आमच्याच लाइनीवर एक वयस्कर ड्रायव्हर आहेत, मी त्यांना काका म्हणतो. त्यांची गाडी माझ्याच रस्त्याने चालते, माझ्याच बंदरातून निघते, आणि महिनाभर वॉशिंग सेंटरचं तोंड न बघताही माझ्या गाडीपेक्षा स्वच्छ असते. रस्ता एक, धूर एक, पाऊस एक. मग फरक कुठे? कळंबोलीला गाड्या शेजारी लागल्या होत्या तेव्हा विचारलं, "काका, तुम्ही गाडीला लावता तरी काय?"

"लावत काही नाही रे बाबा," ते म्हणाले. "तू काय काय लावून घेतोस ते आधी बघ."

आधी थर कसला आहे ते बघा

पुन्हा धुण्याआधी एक काम करा. जुन्या सुती बनियनचे किंवा धोतराचे तीन स्वच्छ तुकडे घ्या. पहिला कोरडा तुकडा दारावर, आरशाच्या खाली, हलक्या हाताने फिरवा. त्यावर खडूसारखी पांढरी पूड आली तर दोष पाण्याचा. दुसरा तुकडा पिण्याच्या चांगल्या पाण्यात भिजवून त्याच दारावर दुसऱ्या जागी फिरवा. बोटांना बुळबुळीत लागलं, कडेला बारीक फेस दिसला, तर मागच्या वेळचा साबण अजून गाडीवरच आहे. तिसरा कोरडा तुकडा मडगार्डच्या आतून आणि चेसिसवरून फिरवा. काळा तेलकट पट्टा उठला आणि वास आला, तर खाली डिझेल किंवा काळं ऑईल मारलेलं आहे.

माझ्या गाडीवर तिन्ही तुकडे भरले. म्हणजे रस्त्याची धूळ होती, पण तिला धरून ठेवणारा गोंद मी पैसे देऊन लावून घेत होतो. धूळ कोरड्या, गुळगुळीत रंगावर बसते तशी वाऱ्याने निम्मी उडून जाते. क्षार, साबण आणि तेल यांच्यावर बसलेली धूळ उडत नाही.

पाणी: डाळीने दिलेली साक्ष

पाण्याचं मला शिरूरच्या पुढे एका ढाब्यावर कळलं. सकाळी तिथल्या बोअरच्या पाण्याने आमच्या क्लीनर पोराने काच धुतली. दुपारी त्याच पाण्यात त्याने स्टोव्हवर तूरडाळ लावली. पाऊण तास झाला, डाळीचा दाणा दाताखाली कचकचतोय. पोरगा म्हणाला, "दादा, पाणी जड आहे, डाळ शिजत नाही." मी मान वर करून काचेकडे पाहिलं. ऊन पडलं होतं आणि सगळ्या काचेवर पांढऱ्या कड्यांचे गोल ठिपके उठले होते. प्रत्येक थेंब जिथे वाळला तिथे त्याची कड राहिली होती. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्या पाण्याने काच धुऊ नये, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

कारण साधं आहे. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हटलंय, फेस न येणारं. पाणी उडून जातं, क्षार गाडीवर राहतात. ऊन जितकं कडक, पत्रा जितका तापलेला, तितका ठिपका पक्का. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा (म्हणजे याच क्षारांचं प्रमाण) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरलाय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे पाणी पिण्याजोगं असूनही गाडीवर डाग पाडू शकतं, हे ध्यानात घ्या.

पाणी तपासायला काही लागत नाही. स्टीलची ताटली पालथी करा, त्यावर त्या पाण्याचे चार थेंब टाका आणि उन्हात वाळू द्या. पांढरी कडी उठली तर त्या पाण्याने गाडी धुतली तरी वाळण्याआधी पुसलीच पाहिजे. टीडीएस मीटर जवळ असेल तर अंदाज लवकर येतो. ते मीटर नुसता कठीणपणा मोजत नाही, पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतं, पण ढोबळ कामाला पुरतं. आकडा पाचशेच्या वर गेला तर मी ते पाणी फक्त टायर आणि चेसिसला वापरतो.

ठिपके आधीच पडलेले असतील तर घासू नका, रंगावर चरे पडतील. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, तेच सायट्रिक ॲसिड. एक लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम विरघळवा. सावलीत, पत्रा गार असताना, फडक्याने ठिपक्यावर लावा, दोन मिनिटं थांबा आणि भरपूर चांगल्या पाण्याने धुऊन पुसून टाका. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात करून बघा. घरातलं व्हिनेगरही चालतं. ॲल्युमिनियमच्या टाकीवर किंवा जस्त चढवलेल्या पट्टीवर हे पाणी रेंगाळू देऊ नका.

कपड्यांची पावडर

बहुतेक वॉशिंग सेंटरवर पिंपात कपड्यांची स्वस्त पावडर कालवलेली असते. कपड्याचं तेल-तूप काढायला तिच्यात धुण्याचा सोडा असतो. हा सोडा जड पाण्यात पडला की पाण्यातलं कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर काढतो. कपडे धुताना ती भुकटी पाण्याबरोबर मोरीत जाते. गाडीवर ती खिडकीच्या रबरात, दाराच्या फटीत आणि नंबर प्लेटच्या अक्षरांच्या कडेला बसते. म्हणजे बोअरचं पाणी आणि पावडर एकत्र आले की पांढरेपणा दुप्पट. शिवाय सोडा रंगावरचं पॉलिश उतरवतो, रंग हळूहळू खडूसारखा होतो, आणि तसा रंग धूळ आणखी ओढतो. ॲल्युमिनियमची डिझेल टाकी असेल तर ती सोड्याने डागाळते आणि तिची चमक जाते.

मी आता गाडीचा साधा शाम्पू वापरतो, १० लिटरच्या बादलीत ५० मिली, याहून जास्त नाही. जास्त घातला की तो काढायला दुप्पट पाणी लागतं, आणि रस्त्यावर पाणीच तर कमी असतं.

दाबाच्या पाण्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. वॉशिंगच्या पाण्याच्या बंदुकीने चिखल निघतो. पण धूर, टायरची काजळी आणि तेलाचा जो पातळ राखाडी पापुद्रा असतो तो नुसत्या दाबाने निघत नाही. गाडी वाळली की तो पुन्हा दिसतो आणि माणसाला वाटतं लगेच घाण झाली. ती घाण झालेली नसते, निघालेलीच नसते. त्याला ओल्या, मऊ फडक्याचा एक हात लागतोच. आधी पाणी मारून रेती पाडायची, मग फेस लावायचा, मग फडकं. फेस खालून वर लावायचा, म्हणजे वरून ओघळलेल्या साबणाच्या रेघा कोरड्या पत्र्यावर उमटत नाहीत. धुताना मात्र वरून खाली. साबण वाळू द्यायचा नाही. एका वेळी एकच बाजू घ्यायची.

डिझेल मारू देऊ नका

हा मुद्दा मी सगळ्यात कळकळीने सांगतोय. धुऊन झालं की सेंटरवाला विचारतो, खाली डिझेल मारू का? आपण हो म्हणतो, कारण चेसिस काळीभोर, नवीन दिसते. काही ठिकाणी तर न विचारताच मारतात, कधी इंजिनचं जुनं ऑईल मिसळून. माझ्या गाडीला तिन्ही वेळा मारलं होतं.

नवीन दिसते ती पहिल्या तीस किलोमीटरपर्यंत. मग उडणारा प्रत्येक कण तिथे चिकटतो आणि दोन दिवसांत पीठ मळल्यासारखा थर होतो. तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं. कमानीचे बुश, हवेचे पाईप, ब्रेक चेंबरवरची (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यांवरची) रबरी टोपणं, वायरिंगवरचं आवरण, टायरची आतली भिंत, हे सगळं खालीच आहे. फवारा ड्रमच्या फटीतून ब्रेक लायनरवर (ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीवर) गेला तर ब्रेक धरत नाही, आणि ही गाडी खंडाळ्याचा घाट उतरते. ट्रेलरच्या कडेला चिकटवलेली परावर्तक पट्टीही डिझेलने कोपऱ्यातून सुटायला लागते.

गंज नको म्हणून डिझेल मारतो, असं सांगतात. गंज थांबवायचा तर वर्षातून एकदा पावसाळ्याआधी गंजलेला भाग तारेच्या ब्रशने खरवडा, रेड ऑक्साईड (गंज रोखणारा तांबडा रंग) लावा, वर चेसिसचा काळा रंग द्या. दीड दिवस गाडी उभी राहते. पण वर्षभर नुसत्या पाण्याने चेसिस स्वच्छ होते.

आधीच डिझेल मारलेलं असेल तर एका धुण्यात सुटका होत नाही. मी तेल काढणारं द्रावण (इंजिन धुवायला मिळतं ते) फक्त लोखंडी भागावर लावलं, रबर वाचवत, ब्रशने घासलं आणि धुतलं. दोनदा करावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात फडकं कोरडं आलं.

धुतल्यावर मागचे दिवे बंद

हा त्रास इतक्या जणांना होतो की वेगळा लिहितो. घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये वायरीचा सात पिनांचा प्लग-सॉकेट असतो. बंदुकीचं पाणी झाकणाच्या फटीतून आत शिरतं. त्या दिवशी दिवे लागतात. आत ओल राहते, पितळी पिनांवर हिरवा कळंक चढतो आणि दोन-तीन दिवसांनी एकेक दिवा जातो. म्हणून कुणाला धुण्याशी संबंध लागत नाही. बंदराकडे फिरणाऱ्या गाड्यांना हे लवकर होतं, कारण हवेतच मीठ आहे.

तपासायची पद्धत अशी. एकाला केबिनमध्ये बसवा, दुसरा मागे. डावा इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही त्याच्याबरोबर लुकलुकत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर सगळेच दिवे मंद होत असतील, तर बल्बवर पैसे घालू नका, अर्थिंग गेलंय. प्लगची अर्थची पिन आणि चेसिसला जिथे अर्थची वायर बोल्टने बसवलेली असते ती जागा खरवडून लखलखीत करा. एकच दिवा बंद असेल तर त्या दिव्याचा जोड बघा. फ्यूजच वारंवार उडत असेल तर कुठेतरी पाण्याने शॉर्ट आहे. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला वायरींचा डबा असतो, तो उघडा. माझ्या डब्यात बोटभर पाणी होतं.

कळंक काढायला इलेक्ट्रिकल जोडांचा स्प्रे मारा, जुन्या टूथब्रशने पिना घासा, वाळवा आणि पिनांच्या सॉकेटला साजेसं वीज न वाहणारं ग्रीस बोटाने पातळ लावा. साधं चाकाचं ग्रीस भरू नका, ते धूळ धरतं. यापुढे धुण्याआधी सॉकेटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावायचं. घोडा सुटा असेल तर प्लग तोंड खाली करून अडकवायचा.

बंदूक जिथे नेऊच नये अशा जागा: बॅटरीचा डबा, हवा आत ओढणारं नळकांडं, अल्टरनेटर, दिव्यांच्या कडा, चाकाच्या हबचं सील, ब्रेक चेंबरची छिद्रं. टायरपासून नोझल निदान ३० सेंटिमीटर लांब. जवळून मारलेल्या दाबाने टायरच्या भिंतीला इजा होते आणि ती लगेच दिसत नाही. रेडिएटर आणि त्याच्या पुढचा इंटरकूलर इंजिन गार झाल्यावर हलक्या पाण्यानेच धुवा, नाहीतर पात्या वाकतात आणि घाटात गाडी तापते.

रस्त्यावर मी काय करतो

काकांचं गुपित त्यांच्या टूलबॉक्समध्ये होतं: शेतात वापरतात तो १६ लिटरचा बॅटरीवाला फवारणी पंप. दाब बेताचा, पण पाणी पंख्यासारखं पसरतं आणि वाया जात नाही. मीही तसाच घेतला. दोन टाक्या म्हणजे ३२ लिटरमध्ये केबिन, काच, आरसे आणि ट्रेलरची मागची बाजू होते. पंप नवाच घ्या. घरच्या शेतातला तणनाशक मारलेला पंप आणू नका, त्याचा अंश काचेवर, दाराच्या हँडलला आणि मग जेवणाच्या हाताला लागतो. दुसरं, बहुतेक पंपांची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि आपली गाडी २४ व्होल्टची. गाडीला थेट जोडू नका. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ घेण्याचीही सवय नको, एकच बॅटरी उतरत राहते. ढाब्यावर चार्ज करा.

पंपाबरोबर लागतात ते चार मऊ फडके, दोन वेगवेगळ्या रंगांत. एका रंगाचे फक्त काच आणि केबिनला, दुसऱ्या रंगाचे खाली. काचेचं फडकं एकदा जरी मडगार्डला लागलं तरी ते पुन्हा काचेला लावायचं नाही. तेलाचा हात काचेवर गेला की रात्री समोरच्या दिव्याचं इंद्रधनुष्य होतं. काही जण काच डिझेलच्या फडक्याने पुसतात, त्यांना हात जोडून सांगतो, करू नका. पावसात पाणी काचेवर थेंबाथेंबाने अडू नये म्हणून जुने ड्रायव्हर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात. पण खाली तेल असेल तर तेही धरत नाही. आधी काच शाम्पूने तेलमुक्त करा.

रात्री काचेवर फुटलेली पाखरं सकाळी खरवडू नका. वर्तमानपत्राचं पान ओलं करून दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग अलगद निघतात. उसाच्या हंगामात शिरूर-नगर पट्ट्यात काचेवर जो चिकटा येतो त्यालाही हाच उपाय.

रोज सगळी गाडी धुवायची गरज नाही. रोज बघायची जागा म्हणजे मागची बाजू. कंटेनरसारखा चौकोनी ठोकळा पळतो तेव्हा त्याच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ, चिखल तिकडेच ओढला जातो. म्हणून पुढून स्वच्छ दिसणारी गाडी मागून मातीने बरबटलेली असते. आणि तिथेच टेललाइट, परावर्तक पट्ट्या आणि नंबर प्लेट. पावसाळ्यात चाकणहून निघून नगरला पोचेपर्यंत माझ्या लाल पट्ट्या मातीच्या रंगाच्या होतात. रात्री बंद पडलेल्या ट्रेलरला मागून गाडी धडकते, अशी बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. त्यामुळे चहाला थांबलो की मागचं पुसल्याशिवाय मी चहा घेत नाही. दोन मिनिटं लागतात.

बंदरातून बाहेर आलं की घाटाच्या वर पहिल्या चांगल्या पाण्यावर चेसिसला आणि ट्विस्ट लॉकना (कंटेनरचे कोपरे ट्रेलरला पकडून ठेवणाऱ्या खुंट्यांना) नुसतं पाणी मारतो. मीठ साध्या पाण्यात विरघळतं, त्याला साबण लागत नाही. पण राहिलं तर हवेतली ओल धरून ठेवतं आणि जोडांमध्ये गंज चालूच राहतो. ट्विस्ट लॉक मिठाने आणि चिखलाने अडकले की कंटेनर उतरवताना यार्डात हातोडी मारत बसावं लागतं. धुऊन वाळले की थेंबभर तेल.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक नियमाच्या) मोठ्या डिझेल गाड्यांना धूर शुद्ध करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असते. तिच्या निळ्या झाकणाभोवती पांढरी साखर जमलेली दिसते. ते पाण्याचे क्षार नाहीत, सांडलेल्या युरियाचे खडे आहेत. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो आणि तो तांबं-पितळ खातो, वायरीच्या जोडात शिरला तर महागात पडतं. कोमट पाण्याने लगेच विरघळतो. झाकण घट्ट लावूनच धुवा, टाकीत साधं पाणी जाता कामा नये.

दोन गोष्टी अजिबात नकोत

सिमेंटचे डाग किंवा जुना गंज काढायला काही ठिकाणी तीव्र ॲसिड मारतात. काच धुरकट होते, क्रोम उडतं, आणि ते मारणाऱ्या पोराच्या छातीत जातं. सिमेंट सांडलं तर ते ओलं असतानाच पाण्याने काढा. वाळलं तर लिंबूसत्वाचं पाणी आणि धीर.

दुसरं, नदी-ओढ्यात गाडी घालणं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अजूनही काही ठिकाणी ट्रक पात्रात उभे दिसतात. हब पाण्यात बुडतो, सील जुनं असेल तर ग्रीसमध्ये पाणी शिरतं आणि महिन्याभराने बेअरिंग ओरडतं. पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो तो खाली कुणाच्या तरी विहिरीत, गुरांच्या तोंडात जातो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानेही ते मना आहे. पूजेसाठी गाडी घरच्या बादलीने धुवा. पूजा झाल्यावर कुंकू आणि फोडलेल्या नारळाचं पाणी बंपरवर दोन दिवस वाळत ठेवू नका, त्याचाही डाग बसतो. झेंडूचा हार रेडिएटरच्या जाळीवरून थोडा बाजूला बांधा.

धुऊन झाल्यावर

पाणी थांबलं म्हणजे काम संपलं असं नाही. बोअरच्या पाण्याने धुतली असेल तर वाळायच्या आत पुसा, काच आधी. मग ग्रीस. पाण्याच्या दाबाने कमानीच्या पिना, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि ब्रेकचे स्लॅक ॲडजस्टर इथलं ग्रीस धुऊन जातं. जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत ग्रीस गन चालवा आणि बाहेर आलेलं पुसून घ्या, नाहीतर तिथे पुन्हा धूळ. फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर (घोड्यावर ट्रेलर जिथे टेकतो तिथे) जुन्या ग्रीसमध्ये वाळू मिसळून काळा लगदा झालेला असतो. घोडा सुटा असताना तो खरवडून टाका आणि नवीन ग्रीस लावा. वाळूवरच नवीन ग्रीस चोपडलं तर किंगपिन, म्हणजे ट्रेलरची त्यात अडकणारी पिन, झिजते.

सगळ्यात शेवटी ब्रेक. ड्रम ओले असताना पहिल्या वळणावर गाडी नेहमीच्या अंतरात थांबत नाही. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात चार-पाच वेळा ब्रेक अलगद दाबत दोन-चार किलोमीटर चालवा, म्हणजे ड्रम गरम होऊन वाळतात. धुतल्या धुतल्या पार्किंग ब्रेक ओढून रात्रभर उभी करू नका. बंदराच्या दमट हवेत सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले मिळतात आणि ट्रेलरची मागची चाकं फिरायच्या ऐवजी घसटत निघतात. मी म्हणून संध्याकाळी नाही, सकाळी निघायच्या आधी धुतो.